बारा फोटोंचा रोल आणि चौदा मुलं



गेल्या वर्षी आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला मी गळ्यात एक जुना कॅमेरा अडकवून गेलो होतो. काळा, चौकोनी, डब्यासारखा, पुढे एकावर एक दोन भिंगं. चहाच्या वेळेला पाच-सहा जण गोळा झाले. एक सर म्हणाले, "रीळ मिळतं का अजून?" दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "मोबाइल असताना हा उद्योग कशाला?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, मिळतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चहा संपेपर्यंत देता आलं नाही, म्हणून हा लेख. छंद माझा आहे, पण तो वर्गात कसा शिरला आणि त्यात माझी काय चूक झाली, तेही सांगणार आहे.

आधी थोडी ओळख. आपल्या लहानपणी लग्नात जो रोल वापरायचे तो ३५ मिलिमीटरचा. त्यावर एक फोटो २४ गुणिले ३६ मिलिमीटरचा उमटतो. त्याहून मोठी फिल्म वापरणारे कॅमेरे म्हणजे मीडियम फॉरमॅट, आणि रोल नसून एकेक सुटी फिल्म किंवा काच घालायची ते लार्ज फॉरमॅट. मीडियम फॉरमॅटच्या रोलला '१२०' म्हणतात. हा रोल कोडॅक कंपनीने १९०१ साली आणला आणि आजही त्याच मापात बनतो. साधारण सहा सेंटिमीटर रुंद फिल्म, तिच्या पाठीला कागद, कागदावर छापलेले आकडे. कॅमेऱ्यात चौकोन केवढा आहे त्यावर एका रोलमध्ये किती फोटो बसतील ते ठरतं. ६ बाय ९ चे आठ, ६ बाय ७ चे दहा, ६ बाय ६ चे बारा.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर आगफा क्लिक थ्री असेल तर तोही हाच १२० रोल खातो. हा कॅमेरा बडोद्याला बनायचा आणि त्या काळी मध्यमवर्गीय घरातला पहिला कॅमेरा बहुतेक हाच असायचा. रोलसुद्धा आपल्याकडे बनत. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, त्यांचा 'इंदू' नावाचा रोल तालुक्याच्या स्टुडिओवाल्या काकांना अजून आठवतो. या काकांचा उल्लेख पुढे बऱ्याचदा येईल, कारण माझा कॅमेरा त्यांच्याच बंद पडलेल्या कपाटातून निघाला.

तो आहे लुबितेल २. सोव्हिएत रशियात, तेव्हाच्या लेनिनग्राडला बनलेला. अंग बेकेलाइटचं, म्हणजे जुन्या विजेच्या बटणांचं असतं तसल्या प्लास्टिकचं. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्या भिंगातून फोटो उतरतो. कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली मान घालून बघावं लागतं. आत आरसा असल्यामुळे चित्र सुलटं दिसतं पण डावं-उजवं बदलतं. आमच्या पहिलीच्या मुलाने त्यात बघितलं आणि समोरून जाणाऱ्या शेळीच्या मागे कॅमेरा फिरवायला गेला, तर शेळी चित्रातून पळालीच! शेळी उजवीकडे चालली होती आणि चित्रात ती डावीकडे सरकत होती. आरशातली प्रतिमा शिकवायला मी याआधी किती तक्ते केले होते, ते सगळे त्या शेळीपुढे फिके पडले.

क्षेत्रफळाचं गणित

मोठी फिल्म कशासाठी, हे मुलांना (आणि त्या मॅडमना) समजावायला आलेख कागद पुरतो. २४ गुणिले ३६ म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. ६ बाय ६ चा खरा चौकोन साधारण ५६ गुणिले ५६ भरतो, म्हणजे ३१३६. भागून बघा, साडेतीन पटींहून जास्त. लार्ज फॉरमॅटमध्ये सर्वांत चालणारं माप ४ बाय ५ इंच. ते साधारण पंधरा पट भरतं. जुन्या स्टुडिओंमध्ये हाफ प्लेट चालायची, पावणेपाच बाय साडेसहा इंच. ती तर तेवीस पट.

फिल्मवर चांदीच्या संयुगाचे बारीक कण असतात. त्याच जातीची फिल्म लहान असो की मोठी, कण तेवढेच. मग मोठ्या तुकड्यावर तोच चेहरा जास्त कणांनी बनतो. एवढंच तत्त्व. रांगोळीचं उदाहरण द्या, लगेच कळतं. ठिपके तेवढ्याच अंतराने काढायचे, पण अंगण मोठं असेल तर मोर जास्त रेखीव येतो.

होमाई व्यारावाला हे नाव मुलींना आवर्जून सांगा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण मिळाला. त्या ४ बाय ५ इंचाचा स्पीड ग्राफिक आणि दोन भिंगांचा रोलीफ्लेक्स घेऊन काम करायच्या. साडी नेसून, ते वजन खांद्यावर घेऊन, पुरुषांच्या गर्दीत. प्रत्येक फोटोनंतर फिल्म बदलायची, म्हणजे दुसरी संधी मिळेलच असं नाही.

चौदा भागिले बारा

आमची शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. पट चौदा. पटाच्या आकड्याची आपल्याकडे आजकाल कशी धाकधूक असते ते मी तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबर संपत आला होता आणि मला दिसत होतं की दसरा-दिवाळीनंतर यातली चार-पाच मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातील. म्हणून ठरवलं, सगळे आहेत तोवर प्रत्येकाचा एकेक नीट फोटो काढायचा. रोल एक. फोटो बारा. मुलं चौदा.

दुसरा रोल का नाही? रोल विकत घेणं, रसायनं, स्कॅन, सगळं धरून मला एक रोल हजाराच्या आसपास पडतो. म्हणजे एका क्लिकला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये. पगारदार माणसाला परवडतं, पण सत्रात एकच, असं घरी ठरलेलं आहे.

प्रश्न फळ्यावर लिहिला आणि मुलांवर सोडला. पहिलं उत्तर आलं, "सर, दोघांना वगळा." कोणाला, असं विचारल्यावर सगळे गप्प. दुसरं उत्तर, चिठ्ठ्या टाका. तिसरं एका तिसरीतल्या मुलीचं होतं. ती म्हणाली, "ती दोघं भाऊ-बहीण एकात, अन् आमच्या गल्लीतली दोघं भाऊ एकात. झाले की बारा." चौदातून दोन गेले बारा. तिने वजाबाकी मांडली नव्हती, पण केली होती. ही मुलगी लक्षात ठेवा.

मग प्रत्येक फोटोची नोंद ठेवायची ठरली. फोटो क्रमांक, नाव, छिद्र, वेग. चौथीची मॉनिटर लेखनिक झाली.

छिद्र आणि वेग हे काय प्रकरण आहे ते थोडं सांगतो, कारण यात अपूर्णांक जिवंत होतात. भिंगामागचं छिद्र लहान-मोठं करता येतं, त्याला एफ ८, एफ ११, एफ १६ असे आकडे असतात. आकडा वाढला की छिद्र लहान होतं, हे मुलांना आधी पटत नाही. मग चपाती काढायची. एक चपाती आठ जणांत वाटली तर तुकडा मोठा की सोळा जणांत वाटली तर? आणि शटरचा वेग म्हणजे सेकंदाचा कितवा भाग उजेड आत जाणार. जुन्या लोकांचा एक नियम आहे. कडक उन्हात छिद्र एफ १६ ठेवायचं आणि वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका. माझी फिल्म इलफर्डची एचपी५ प्लस, आयएसओ ४००. म्हणजे उन्हात एफ १६ ला एक चारशेांश सेकंद. पण आम्ही व्हरांड्याच्या सावलीत उभे होतो, तिथे उजेड तीन पायऱ्यांनी कमी, म्हणजे आठव्या हिश्शाएवढा. म्हणून छिद्र दोन पायऱ्या मोठं, एफ ८. वेग १/१२५ ठेवला, थोडा उजेड जास्तच गेलेला या फिल्मला चालतो, कमी चालत नाही. उन्हात डोळे बारीक झालेली मुलं मला नकोच होती.

कॅमेरा तिवईवर. एकेक मूल खुर्चीत. टेपने अंतर मोजायचं, भिंग जुळवायचं, शटरचा खटका चढवायचा, दाबायचा, मग गोल बटण फिरवून पाठीमागच्या लाल काचेत पुढचा आकडा येईपर्यंत फिल्म पुढे न्यायची. एका फोटोला चार-पाच मिनिटं लागत होती. मोबाइलसमोर बोटांचा व्ही करणारी पोरं या कॅमेऱ्यासमोर आपोआप ताठ बसली. कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटचं मूल झालं. मॉनिटरच्या वहीत बारा नोंदी, सगळ्यांपुढे नावं. मी खुशीत. तेवढ्यात पाठीमागे उभा असलेला दुसरीतला एक जण म्हणाला, "सर, काचंत तर अजून अकराच दिसतंय."

तुम्ही क्षणभर थांबा आणि विचार करा, याचा अर्थ काय. मी पण तसाच थांबलो होतो.

या कॅमेऱ्यात फिल्म पुढे नेणं आणि शटरचा खटका चढवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एक केली नाही तरी दुसरी होते, कॅमेरा अडवत नाही. महागड्या कॅमेऱ्यांमध्ये ही सोय असते, माझ्यात नाही. म्हणजे मध्ये कुठेतरी मी फिल्म पुढे न्यायला विसरलो होतो आणि एकाच तुकड्यावर दोन फोटो, एकावर एक, पडले होते. बारा वेळा खटका दाबला होता, पण फिल्म अकरा तुकडेच वापरली गेली होती. एक तुकडा शिल्लक. तो वापरून नुकसान भरून निघालं असतं, कारण बिघडलेल्या दोन्ही फोटोंतल्या मुलांना एकत्र बसवता आलं असतं. पण ते दोन फोटो कोणते?

मी वही मागितली. मॉनिटरने अत्यंत सुवाच्य अक्षरात १ ते १२ आकडे आधीच ओळीने लिहून ठेवले होते आणि नंतर नावं भरली होती. काचेतला आकडा बघून एकही लिहिला नव्हता. मला तिच्यावर रागावता येईना. शाळेत आम्ही मोठी माणसं किती रकाने असेच भरतो, ते तिने बघितलेलं आहे.

मुलं आठवायला लागली. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या वेळेला सरांनी बटण फिरवलं होतं. शेवटी त्या तिसरीतल्या मुलीनेच सुचवलं की उरलेल्या एकात सगळेच बसू, म्हणजे ज्यांचा बिघडला ते पण त्यात येतील. चौदा जण दोन ओळींत उभे केले, कॅमेरा मागे नेला, काढला. या वेळी मी काच दोनदा बघितली.

उशीर

आता जे सांगतो ते मला आवडत नाही, पण सांगतो. तो रोल मी लगेच धुतला नाही. डेव्हलपरची पूड (डी-७६ हे जुनं नाव, पण अजून चालतं) पाकिटात येते, एकदा पाकीट फोडलं की लिटरभर द्रावण तयार होतं आणि मग ते काही महिन्यांत संपवावं लागतं. माझ्या टाकीला एका रोलला अर्धा लिटर लागतं. म्हटलं, एका रोलसाठी कशाला फोडायचं, दुसरा एक रोल अर्धा झालाय, तो झाला की दोन्ही एकदम. काटकसर. मग सहामाही आली, पेपर आले, ऑनलाइन माहिती आली. दिवाळीच्या सुट्टीत एकदाचा मुहूर्त लागला.

आपल्या हवामानात फिल्म धुणं म्हणजे थोडी कसरत असते. पुस्तकांत सगळ्या वेळा २० अंश सेल्सिअसच्या दिलेल्या असतात. या फिल्मला डी-७६ मध्ये साडेसात मिनिटं. पण आमच्या टाकीचं पाणी दिवाळीतही २७-२८ अंश. पाणी गरम असेल तर क्रिया वेगाने होते, वेळ कमी करावा लागतो, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की डाग पडायची भीती. म्हणून परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात बाटल्या उभ्या करायच्या आणि तापमापी लावून बसायचं. फिल्म टाकीच्या रिळावर अंधारात चढवावी लागते. आमच्याकडे ही क्रिया रात्री न्हाणीघरात, दाराच्या फटीला गोधडी लावून होते. एकदा टाकीचं झाकण लागलं की बाकी सगळं उजेडात. डेव्हलपर ओतायचा, दर मिनिटाला पहिली दहा सेकंद टाकी उलटसुलट करायची. मग तो ओतून द्यायचा, थांबवणारं आम्ल, मग फिक्सर, ज्याला जुने स्टुडिओवाले 'हायपो' म्हणतात. फिक्सर उजेड न लागलेली चांदीची संयुगं काढून टाकतो, म्हणून नंतर फिल्म उजेडात बघता येते.

शेवटी पाण्याने धुणं. अर्धा तास नळाखाली ठेवा, असं सांगतात. टँकरच्या गावात अर्धा तास नळ कोण सोडेल? इलफर्ड कंपनीनेच कमी पाण्याची एक रीत सांगितली आहे. टाकी भरायची, पाच वेळा उलटवायची, पाणी बदलायचं. मग दहा वेळा, बदलायचं. मग वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात काम होतं. शेवटचं पाणी मात्र फिल्टरचं घ्या. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके माझ्या पहिल्या तीन रोलवर कायमचे राहिले आहेत. आणि वापरलेला फिक्सर मोरीत किंवा झाडाला टाकू नका, त्यात चांदी उतरलेली असते. मी कॅनमध्ये साठवतो. रसायनं मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि पोषण आहाराच्या भांड्यांजवळ तर चुकूनही नको.

रिळावरून फिल्म उलगडली. दहा फोटो छान. चौथा तुकडा इतरांपेक्षा गडद. खिडकीशी धरून बघितला. पहिलीतला एक मुलगा, आणि त्याच्यावर, त्याच्या आरपार, ती तिसरीतली मुलगी.

सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा नऊ मुलं होती. तिच्या कुटुंबाने दसऱ्यानंतर चारच दिवसांत गाव सोडलं होतं. हंगामी वसतिगृहात ठेवा, आम्ही बघतो, असं मी आणि आमच्या मॅडमनी तिच्या आईला दोनदा सांगितलं होतं. पण धाकटा भाऊ दीड वर्षाचा, त्याला फडात सांभाळायला कोणीतरी लागतं. आई काही बोलली नव्हती, फक्त मान हलवली होती, आणि ती मान होय म्हणाली की नाही हे मला कळलं नव्हतं.

पहिलीतल्या मुलाला त्याचा भुताचा फोटो फार आवडला. त्याचा दुसरा काढला. तिचा कसा काढणार?

नखाएवढा चेहरा

मग समूह फोटो आठवला. इथे ते क्षेत्रफळाचं गणित पुन्हा येतं, आणि या वेळी फळ्यावर नाही. चौदा मुलं सव्वातीन मीटर रुंदीत उभी होती, ती ५६ मिलिमीटरवर उतरली. म्हणजे जवळजवळ अठ्ठावन्न पट लहान. वीस सेंटिमीटरचा चेहरा फिल्मवर साडेतीन मिलिमीटर. नखाएवढासुद्धा नाही. हाच फोटो ३५ च्या फिल्मवर असता तर चेहरा सव्वादोन मिलिमीटर झाला असता.

काकांच्या स्टुडिओत चपटा स्कॅनर आहे, त्यावर २४०० डीपीआयला तो तुकडा स्कॅन केला. साडेतीन मिलिमीटर म्हणजे साधारण ३३० ठिपके. छपाईला इंचाला तीनशेच्या आसपास ठिपके लागतात, म्हणजे यातून तीन सेंटिमीटरचा चेहरा बरा येईल. तीन सेंटिमीटरचा चेहरा म्हणजे काय? पासपोर्ट साइज फोटो. नवव्या दिवशी मुलांकडून हे गणित करून घेतलं, नऊच्या नऊ जणांनी वहीत सोडवलं. असं शंभर टक्के उपस्थितांचं बरोबर आलेलं गणित माझ्या आठवणीत दुसरं नाही.

फोटो आला. ती मागच्या ओळीत, उजव्या टोकाला होती. लुबितेलचं भिंग कडेला थोडं मऊ काढतं, त्यामुळे केस जरा धूसर. डोळे मात्र स्पष्ट. स्कॅनर नसेल तर मोबाइलनेही निगेटिव्हचा फोटो घेता येतो. टॅबलेटचा पांढरा पडदा लावायचा, पण निगेटिव्ह थेट त्यावर ठेवू नका, पडद्याचे ठिपके येतात. मध्ये एक-दोन इंच अंतर राहील असं बघा.

जानेवारीत काकांनी दोन आठवड्यांसाठी आणखी मोठी गोष्ट दिली, त्यांच्या वडिलांचा हाफ प्लेटचा लाकडी कॅमेरा. केरळात अलप्पुळ्याला बनलेला, वागीश्वरी नावाचा. घडीचा काळा भाता, पितळी स्क्रू, आणि शटर नाहीच, भिंगावर टोपी. मागे दुधी काच, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचं. मुलांनी कापडात डोकं घातलं आणि ओरडली, शाळा उलटी! ध्वजस्तंभ खाली, पटांगण वर. डोळ्याच्या पडद्यावर चित्र उलटं पडतं हे विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य मी त्या दिवशी वाचून दाखवलं नाही, गरज पडली नाही.

एवढ्या मोठ्या मापाची फिल्म महाग, म्हणून आम्ही फिल्मच्या जागी काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद कापून घातला. कागद फार मंद, आयएसओ साधारण ६. छिद्र एफ ३२, जागा सावलीची. हिशेब केला तर पाच सेकंद आले. मी टोपी काढायची, मुलांनी "एक हजार एक, एक हजार दोन" मोजायचं, पाचला टोपी परत. समोर बसलेल्यांनी हलायचं नाही. दुसरीतल्यांना पाच सेकंद न हलता बसणं हे गुणाकारापेक्षा अवघड जातं, हे मी नोंदवून ठेवतो.

कागद धुतला, त्याच्यावर दुसरा कागद दाबून सुलटा केला, आणि मुलं म्हणाली, सर, चुकलं. मुलींच्या लाल रिबिनी कोळशासारख्या काळ्या आल्या होत्या आणि आकाशी शर्ट जवळजवळ पांढरे. का? लगेच सांगितलं नाही. दोन दिवस तो फोटो फळ्याच्या कोपऱ्यात लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी मॉनिटर म्हणाली, तुम्ही सामानाच्या खोलीत लाल दिवा लावून कागद धुता, मग लाल उजेडाने तो खराब कसा होत नाही? आणि तिचं तिलाच कळलं. कागदाला लाल दिसतच नाही. म्हणून लाल रिबीन त्याच्यासाठी अंधार.

तेव्हा मी त्यांना अमेरिकेतल्या ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट सांगितली. १९२७ साली तो योसेमिटीच्या डोंगरात काचेच्या प्लेटा घेऊन चढला होता. हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर पोचला तेव्हा दोनच प्लेटा उरल्या. पहिली पिवळा फिल्टर लावून काढली. मग त्याच्या लक्षात आलं की मनात जे काळंभोर आकाश आहे ते यात येणार नाही. शेवटच्या प्लेटीला गडद लाल फिल्टर लावला, निळा उजेड अडवला गेला, आकाश काळं झालं. तो फोटो जगभर गाजला. मुलांना फोटोपेक्षा "दोनच उरल्या" यात जास्त रस होता. त्यांना ती परिस्थिती ओळखीची होती.

कोणाला सुरुवात करायची असेल तर जुना कॅमेरा घेताना भिंगात टॉर्च मारून बुरशी बघा, कोकणातल्या मित्रांनी विशेष. भात्याचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत आत दिवा घालून भोकं शोधा. शटर एक सेकंदाला किंवा सर्वांत कमी वेगाला अडकत नाही ना, ते ऐका. आणि एवढा खर्च नको असेल तर पत्र्याच्या डब्याला सुईने भोक पाडून आत फोटोचा कागद चिकटवा, तोही लार्ज फॉरमॅट कॅमेराच आहे. मोबाइल वाईट आहे असं मी म्हणत नाही, शाळेचे कार्यक्रम मी मोबाइलनेच काढतो. त्या मॅडमना एवढंच सांगेन की माझ्या वर्गातल्या नोंदवहीत आता एक जादा रकाना आहे, "काचेतला आकडा (बघून)". पटांगणातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदीतही मॉनिटरने तो "बघून" शब्द स्वतःहून लिहिला.

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या. ती शाळेत आली, वर्गातल्या जागेवर बसली, जरा काळवंडली होती, उंच झाली होती. मी तिला समूह फोटो दिला, बिघडलेला पण दाखवला, आणि तो पासपोर्ट साइज पाकिटात घालून घरी नेऊन दिला. तिची आई दारात तांदूळ निवडत होती. तिने फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला.

"गुरुजी, यवढ्या लांबून काढला व्हय?"

मी म्हटलं, हो, माझ्याकडून चुकलं होतं जरा.

तिने फोटो पदराने पुसला आणि ताटाच्या कडेला ठेवला. "याच्या अजून दोन-तीन काढून मिळतील का? तुमच्या त्या वसतिगृहाच्या फॉर्मला लागत्याल म्हणं."